वाचकांचे प्रश्न : चित्रलिपी वाचली कशी?

प्रश्न : रोझेटा शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत होता आणि त्यातली ग्रीक सगळ्यांना येत होती. मग चित्रलिपी उलगडायला तेवीस वर्षं का लागली? शेजारीशेजारी ठेवून जुळवलं की झालं, असं नाही का?

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला. कारण शिळा सापडली आणि कुलूप उघडलं, हीच समजूत सगळीकडे दिसते. शिळा १७९९च्या जुलैमध्ये इजिप्तमधल्या रशीदजवळ, म्हणजेच रोझेटाजवळ, किल्ल्याची डागडुजी करताना फ्रेंच सैनिकांना सापडली. पुढे फ्रेंच हरले, शिळा इंग्रजांकडे गेली आणि १८०२पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे गेलात तर आधी तिचा वरचा भाग बघा. तो फुटलेला आहे. चित्रलिपीच्या फक्त १४ ओळी उरल्या आहेत आणि त्यातली एकही अखंड नाही. मधल्या डेमोटिकच्या, म्हणजे इजिप्शियन भाषेच्याच रोजच्या व्यवहारातल्या लिपीच्या, ३२ ओळी आहेत, खाली ग्रीकच्या ५४. म्हणजे जी लिपी वाचायची होती, तीच सर्वात जास्त तुटलेली.

पण खरी अडचण दगडात नव्हती, समजुतीत होती. पाचव्या शतकातल्या होरापोलोच्या ग्रंथापासून युरोपातले विद्वान असं मानून चालले होते की ही चिन्हं म्हणजे गूढ कल्पना. गिधाड म्हणजे आई, कारण गिधाडांत नर नसतात! अर्थ बरोबर होता, कारण मात्र पूर्ण काल्पनिक. सतराव्या शतकात अथानासियस किर्खरने याच वाटेने ओबेलिस्कांवरच्या, म्हणजे उंच दगडी स्तंभांवरच्या, राजांच्या नावांतून तत्त्वज्ञानाची लांबलचक वाक्यं काढली. आणि याच किर्खरने कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेचीच वंशज आहे हे ठामपणे मांडलं होतं. किल्ली त्याच्या हातात होती, पण ती या कुलपाची असेल असं त्याला वाटलंच नाही.

पुढची पावलं मी भराभर सांगते. लांबट वर्तुळात, म्हणजे कार्तूशमध्ये, राजांची नावं असावीत असा अंदाज अठराव्या शतकातच फ्रेंच विद्वान बार्तेलेमीने केला होता. इंग्लंडच्या टॉमस यंगने शिळेवरच्या कार्तूशमध्ये टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाचं नाव ओळखलं, काही चिन्हांचे ध्वनी बरोबर लावले आणि डेमोटिक ही चित्रलिपीशी नातं असलेली लिपी आहे हे दाखवलं. त्याचं श्रेय पुढे ही लिपी उलगडणाऱ्या फ्रेंच शांपोल्योंने मोकळेपणाने दिलं नाही, हे मला आजही खटकतं. मात्र यंग तिथेच थांबला. ध्वनी फक्त परकीय नावांपुरते, असं त्याने धरलं होतं.

जाँ-फ्रांस्वा शांपोल्यों १८२१पर्यंत त्याच्याही मागे होता. ही चिन्हं वस्तूंची आहेत, ध्वनींची नाहीत, असं त्याने त्या वर्षी छापूनही टाकलं होतं. मग त्याने एक साधी गोष्ट केली : मोजदाद. शिळेवर उरलेल्या भागात चित्रलिपीची १४१९ चिन्हं भरली आणि त्याच्याशी जुळणाऱ्या ग्रीक मजकुरात शब्द होते ४८६. एका चिन्हाला एक शब्द हा हिशेब बसणारच नव्हता. शिवाय त्या १४१९मध्ये वेगवेगळी चिन्हं होती अवघी १६६. ‘सापडलं!’ असं ओरडून तो भावाच्या खोलीत बेशुद्ध पडला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला ती कागदावरची मोजणी जास्त भावते. आपलंच छापलेलं मत मोडणारा आकडा समोर आला आणि त्याने तो मान्य केला.

१८२२मध्ये इजिप्तमधल्या फिले बेटाच्या ओबेलिस्कवरच्या क्लिओपात्रा या नावाची प्रत त्याच्या हाती आली. टॉलेमीतला चौकोन ‘प’, दोरीचा फास ‘ओ’, बसलेला सिंह ‘ल’. क्लिओपात्रातही ही तिन्ही चिन्हं नेमकी अपेक्षित जागी होती : सिंह दुसरा, फास चौथा, चौकोन पाचवा. फक्त ‘त’ निराळा निघाला; टॉलेमीत त्यासाठी पावाचं चित्र होतं, इथे हाताचं. त्याने ओळखलं की एका ध्वनीला दोन चिन्हं असू शकतात.

तरी ही नावं ग्रीकच. खरा क्षण त्याच सप्टेंबरात आला. अबू सिंबेलच्या मंदिरातल्या रेखाटनांत एक कार्तूश होतं : आधी सूर्याचं वर्तुळ, मग एक चिन्ह, मग दोनदा ‘स’. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात. मधलं चिन्ह रोझेटा शिळेवर जिथे आलं होतं, तिथे ग्रीकमध्ये राजाच्या वाढदिवसाचा उल्लेख होता, आणि जन्म देणे या अर्थी कॉप्टिकमध्ये ‘मिसे’ आहे. रे-मिसे-स-स. रामसेस! दुसऱ्या कार्तूशमध्ये आयबिस पक्षी, म्हणजे थोथ देव, आणि पुढे तेच चिन्ह : थुतमोस. हे राजे इजिप्तवरच्या ग्रीक राजवटीच्या शेकडो वर्षं आधीचे. म्हणजे इजिप्शियन लोक स्वतःची भाषाच या चिन्हांत लिहीत होते. २७ सप्टेंबर १८२२ला त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे पहिला निष्कर्ष वाचला, आणि संपूर्ण पद्धत १८२४च्या ग्रंथात मांडली.

शांपोल्यों लहानपणापासून कॉप्टिकच्या मागे लागला होता, तीत विचार करायचा प्रयत्न करायचा. ती भाषा चर्चच्या प्रार्थनांमध्ये टिकून राहिली नसती, तर शिळेवरचे ध्वनी कळूनही त्यांचा अर्थ लागला नसता. म्हणून माझ्या मते या शोधाचं निम्मं श्रेय शतकानुशतकं त्या प्रार्थना म्हणत आलेल्या इजिप्तमधल्या कॉप्टिक लोकांचं आहे. संग्रहालयातल्या पाट्यांवर त्यांचा उल्लेख शिळेइतकाच ठळक हवा.

प्रश्न : इतकी जुनी लिपी लोक पूर्ण विसरले कसे?

उत्तर : ती वाचणारे नेहमीच थोडे होते आणि शेवटी फक्त पुजारी उरले. ख्रिस्ती झालेल्या इजिप्तने आपली भाषा ग्रीक अक्षरांत, डेमोटिकमधून घेतलेल्या थोड्या अक्षरांची भर घालून, लिहायला सुरुवात केली, तीच कॉप्टिक. देवळं बंद पडली तशी जुन्या लिपीची गरजही संपली. तारीख असलेला शेवटचा चित्रलिपीतला लेख फिलेच्या मंदिरात आहे : २४ ऑगस्ट ३९४. तो आयसिस देवीच्या एका पुजाऱ्याने मांदुलिस देवाच्या आकृतीशेजारी कोरला आणि तो सदासर्वकाळासाठी आहे असं त्यातच लिहिलं. मला तो लेख सगळ्या पिरॅमिडांपेक्षा जवळचा वाटतो.

प्रश्न : चित्रांमध्ये स्वर लिहीत नसत म्हणे. मग अर्थ कसा कळतो? आणि ही लिपी घरी शिकता येईल का?

उत्तर : येईल. मीही नोकरी सांभाळूनच शिकले.

स्वरांचं असं आहे. आपण फक्त ‘म-ल’ लिहिलं, तर ते मूल, मोल, माल, मैल काहीही असू शकेल. इजिप्शियन लेखक अशा शब्दाच्या शेवटी आणखी एक चित्र काढायचा. ते उच्चारायचं नाही, फक्त अर्थ दाखवतं. तोंडाशी हात नेलेलं बाळ असेल, तर शब्द लहान मुलाशी संबंधित. घराच्या आराखड्याचं चित्र आणि खाली एक उभी रेघ असेल, तर तो शब्द ‘पर’, घर. त्याच घराच्या चित्रापुढे ‘र’साठी तोंड आणि चालणारे दोन पाय आले, तर ‘बाहेर पडणे’. पाय दिसले की हालचाल, हे एकदा कळलं की अनोळखी शब्दही धीर देतात.

उच्चार मात्र आपण सोयीसाठी ‘ए’ घालून करतो. ‘न-फ-र’ला नेफेर म्हणतो, पण कॉप्टिकमध्ये त्याचंच रूप नूफे आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजांशी झालेल्या पत्रव्यवहारात, कीलाकार लिपीत, रामसेसचं नाव ‘रिआमाशेशा’ असं येतं. समकालीन कानांनी ऐकलेलं नाव म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

दिशेसाठी प्राण्यांचे आणि माणसांचे चेहरे बघा. ते ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. बहुतेकदा वाचन उजवीकडून डावीकडे चालतं, पण दाराच्या दोन्ही बाजूंना लेख असेल तर समतोलासाठी एक उलटा कोरलेला सापडतो. देवाचं नाव मानाने आधी लिहिलं जातं. तुतनखामेनच्या कार्तूशमध्ये ‘आमुन’ सर्वात आधी येतो, त्याने गोंधळू नका.

सुरुवात एका ध्वनीच्या दोन डझन चिन्हांनी करा, पण तिथे रमू नका. पुष्कळ चिन्हं दोन किंवा तीन व्यंजनांची असतात. हे जर्मन अभ्यासक लेप्सियसने १८३७मध्ये नीट मांडलं. लगेच मृतांच्या शिलालेखांवरचं अर्पणसूत्र घ्या. राजाने दिलेलं अर्पण, हजार भाकरी, हजार घडे बिअर, बैल आणि पक्षी, अशी त्याची ठरलेली रचना असते आणि जगभरच्या संग्रहालयांत ते भेटतं. मी वाचलेलं पहिलं वाक्य तेच होतं. चिन्हं हाताने काढा, छापील तक्ते नुसते पाहू नका. आणि वही रेघांची घेऊ नका, चौकटींची घ्या. ही चिन्हं एकापुढे एक येत नाहीत, चौकटीत एकावर एक बसवलेली असतात.