परवूरला जाऊन काय बघायचं?

प्रश्न : मे महिन्यात सहकुटुंब केरळला निघालोय. कोचीजवळ परवूरच्या जुन्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) ज्यू समाजाचं संग्रहालय आहे असं कळलं. पण शेजारी म्हणतात, तिथली मूळ लाकडी पेटी कधीच जेरुसलेमला गेली, आता आहे ती नक्कल. मग कोचीतल्या मट्टनचेरीचं सिनेगॉग बघून परत फिरलो तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांची माहिती खरी, सल्ला मात्र ऐकू नका.

मी अलिबागची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, ठेवायच्या पेटीला आम्ही हेखाल म्हणतो. परवूरचं हेखाल जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे आणि परवूरला त्याबरहुकूम नवं घडवून बसवलंय. मला यात काही गैर वाटत नाही. 1950 च्या दशकात केरळातले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सामूहिक प्रार्थना होत नाही. माणसंच नाहीत तिथे हेखाल वाळवीला घालायचं होतं का?

वास्तू मात्र जागची हलली नाही. रस्त्यालगतच्या दरवाजातून आत शिरलात की अंगण, मग खांबांची लांबलचक छपराची वाट आणि शेवटी प्रार्थनेचं दालन. तिथे खालीच रेंगाळू नका, माडीवर जा. वर तोरा वाचायचा दुसरा कठडा आहे आणि त्याच्या मागे, लाकडी जाळीपलीकडे, बायकांची जागा. ठरावीक प्रसंगी तोरा वर वाचली जाई, म्हणजे बायकांच्या अगदी पुढ्यात! ही पद्धत केरळचीच. आमच्या कोकणात असलं काही नाही, त्यामुळे खरं सांगते, मला जरा हेवाच वाटला. तिथल्या बायका गाणीही मल्याळममध्ये म्हणत आणि वह्यांत उतरवून ठेवत.

परवूरपासून चेंदमंगलम अगदी जवळ आहे. तिथल्या सिनेगॉगसमोर सारा नावाच्या बाईचा कबरीचा दगड आहे, 1269 सालचा, हिब्रूत कोरलेला. भारतात सापडलेल्या हिब्रू लेखांत इतका जुना दुसरा नाही. तो चुकवू नका.

मट्टनचेरीचं 1568 चं सिनेगॉग, त्यातल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, सगळं सुंदरच. पण गर्दी फार, निवांत बघणं होत नाही. शनिवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता अलिबागची बाई परवूरची एवढी तरफदारी का करते? कारण आमच्या शनवार तेल्यांना (आम्हा बेने इस्रायलींचं हे जुनं नाव) हिब्रू प्रार्थना शिकवायला 19 व्या शतकात जे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आले, त्यांत कोचीकडचेही होते. गुरुघरच म्हणा ना!

एर्नाकुळमहून सकाळी लवकर निघा. आधी चेंदमंगलम, मग परवूर. मट्टनचेरीसाठी दुसरा दिवस ठेवा.