ऑफिसात इंटरनेटवरचे फोन आणायचेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : आमच्या संस्थेत ४० एक्स्टेन्शन आहेत. ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज, खूप जुना झालाय, बिघडला की पार्टच मिळत नाहीत, म्हणून इंटरनेटवर चालणारे फोन घ्यायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे, पुरेल का? स्टाफ म्हणतो त्यात आवाज तुटतो. मला टेक्निकल फारसं कळत नाही, साध्या भाषेत सांगा.

उत्तर : स्पीडची काळजी आधी डोक्यातून काढून टाका. जी.७११ नावाचा जो नेहमीचा कोडेक, म्हणजे आवाजाचं डिजिटल डेटात रूपांतर करायची पद्धत, असते त्यात एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे तुमचे चाळीसच्या चाळीस जण एकाच वेळी बाहेर बोलत बसले तरी साडेतीन एमबीपीएसच्या आसपासच काम होतं. फक्त अपलोड किती मिळतो ते मोजून घ्या, बऱ्याच कनेक्शनला तो डाऊनलोडपेक्षा खूप कमी असतो.

तरी स्टाफ म्हणतो ते खोटं नाहीये. फोन तुमचा आवाज २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतो, सेकंदाला ५० पॅकेट, आणि उशिरा पोचलेलं पॅकेट सरळ फेकून दिलं जातं कारण तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाला कळतही नाही, इथे लगेच कळतं. कुणीतरी भर दुपारी मोठा बॅकअप अपलोडला लावला की आवाजाची पॅकेट त्याच्या मागे रांगेत अडकतात आणि मग "हॅलो हॅलो" सुरू. म्हणून तुमचं नेटवर्क बघणाऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारा, फोनसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर फोनचं वेगळं नेटवर्क, करणार का आणि राउटरवर क्यूओएस लावून आवाजाला पहिला नंबर देणार का. तो टाळाटाळ करायला लागला तर फोनची ऑर्डर थांबवा, खरंच थांबवा.

अजून एक, हे मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणी कॉल लागायचा पण एकाच बाजूचा आवाज यायचा, आम्ही दोन दिवस फोन बदलत बसलो आणि शेवटी निघालं काय तर राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलच्या पॅकेटमध्ये राउटरने स्वतः फेरफार करायची सेटिंग, चालू होतं, ते बंद केलं आणि सगळं सुरळीत. तुम्ही हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.

लाइट गेली तर काय, हा विचार लोक फार उशिरा करतात. हे फोन पीओई स्विचवरून, म्हणजे नेटवर्कच्याच वायरीतून पॉवर घेतात, त्यामुळे स्विच, राउटर आणि इंटरनेटचा मोडेम तिन्ही यूपीएसवर हवेत, एक जरी सुटला तरी सगळे फोन बंद. आणि जुन्या लाइन तोडायच्या आधी लिफ्टमधला फोन, फायर अलार्म, फॅक्स यातलं काय काय त्यावर जोडलंय ते वायर धरून शोधा, कागदावर सापडेलच असं नाही. निदान एक जुनी लाइन इमर्जन्सीसाठी राहू द्या, कारण इंटरनेटवरून केलेल्या कॉलला तुमचा पत्ता समोर आपोआप दिसेलच याची खात्री नसते. फॅक्स लागणारच असेल तर व्हेंडरला टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत, चालते का विचारा.

एक्स्टेन्शनचे पासवर्ड १२३४ ठेवू नका. रात्री कुणीतरी बाहेरून घुसून परदेशातल्या महागड्या नंबरांवर तासन्‌तास कॉल लावतो आणि बिल संस्थेच्या नावाने येतं, म्हणून आयएसडी मुळातच बंद ठेवा आणि ज्याला लागतो त्यालाच द्या.

आणि चाळीस फोन एकदम बदलू नका. एका डिपार्टमेंटला तीन-चार आठवडे वापरू द्या, जुना ईपीएबीएक्स बाजूला चालू असू दे. ऑपरेटरला पहिल्या मीटिंगपासून बसवा, कुठला कॉल कुणाकडे जातो, कोण जागेवर नसलं की कुणाला द्यायचा हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि नवीन सिस्टिममध्ये नेमकं तेच भरायचं असतं.