वयाचा दोष नाही, पुस्तकानेच स्वतःचा नियम मोडला

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली आणि सर्वत्र वाखाणली गेलेली एक फँटसी प्रेमकादंबरी वाचून तुमची निराशा झाली, आणि आता आपले वय उलटून गेल्यामुळे असे झाले की पुस्तकातच काही उणे होते, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे. वयाला बोल लावण्याचे कारण मला दिसत नाही. या पुस्तकांचा वाचक साधारण १२ ते १८ वर्षांचा धरला जात असला, तरी ती आवडीने वाचणारे प्रौढही पुष्कळ आहेत आणि त्यांत मीही आहे. गेल्या वर्षी माझाही असाच अपेक्षाभंग झाला, आणि तो नेमका कुठे झाला हे शोधण्यासाठी मी ती कादंबरी पुन्हा चाळली.

तिची सुरुवात फार सुंदर होती. त्या जगात मंत्र फुकट मिळत नाही. प्रत्येक मंत्राच्या बदल्यात तो उच्चारणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. पहिल्याच प्रकरणात नायिका तापाने फणफणलेल्या धाकट्या भावाला वाचवते आणि त्यापायी आईची अंगाई गमावते. भाऊ डोळे उघडतो, रोजच्यासारखी अंगाई म्हणायला सांगतो, ती तोंड उघडते आणि तिला पहिला शब्दही सापडत नाही. शेवटी भाऊच अडखळत दोन ओळी म्हणतो आणि ती त्या परक्या गाण्यासारख्या ऐकत राहते. ते पान मी लगेच दुसऱ्यांदा वाचले. दीड पानात जादूचा नियम, त्याची किंमत आणि ती किंमत मोजणारी मुलगी अशा तिन्ही गोष्टी समोर उभ्या राहिल्या होत्या.

पुढे सुमारे साडेतीनशे पानांनंतर, ज्याच्यावर नायिकेचे प्रेम जडले आहे तो राजपुत्र मरणाच्या दारात असताना हीच मुलगी एक अख्खे सैन्य थोपवून धरणारा मंत्र म्हणते. एका मुलाचा ताप उतरवण्यासाठी जर अंगाई द्यावी लागली, तर इथे काय द्यावे लागेल या धास्तीने मी श्वास रोखून वाचत होते. तिने राजपुत्रालाच विसरावे, त्याने समोर उभे राहावे आणि तिने अनोळखी माणसाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहावे, याच क्षणाकडे सारी कादंबरी चालली आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ती परिच्छेदभर मूर्च्छित पडते, त्याच्या मिठीत शुद्धीवर येते आणि तिला सगळे काही आठवत असते. तो नियम का लागू झाला नाही, याविषयी एकही वाक्य नाही. लेखिकेने प्रेमाला झळ लागू दिली नाही, आणि त्यामुळे ते प्रेम माझ्या लेखी फुकटचे ठरले.

किशोरांसाठीच्या पुस्तकाकडून एवढी अपेक्षा कशाला ठेवायची, असे काही जण म्हणतील. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) ही कादंबरी प्रकाशकाने किशोरांसाठी पुस्तक मागितले म्हणूनच लिहिली गेली. तिच्यातला गेड हा शिकाऊ जादूगार ईर्ष्येपोटी मृताचा आत्मा बोलावतो आणि त्यामुळे जगाला पडलेल्या फटीतून एक छाया बाहेर पडते. ती फट बंद करताना त्याचे वृद्ध महागुरू प्राण गमावतात, गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात आणि उरलेली कादंबरी त्या एका चुकीचा पाठपुरावा करते. कोवळ्या वाचकाला हे झेपणार नाही, असे ले ग्विन यांना वाटले नाही.

मी वाचलेल्या कादंबरीतली प्रेमकथेची बाजूही मला लंगडी वाटली. शत्रूच्या प्रेमात पडणे हे सूत्र मला मनापासून आवडते, पण मन पालटताना दिसले पाहिजे. जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) नायिका एलिझाबेथ ही, जिने गर्विष्ठ समजून ज्याला नकार दिला त्या डार्सीचे पत्र आधी रागाने वाचते, मग त्यातला, डार्सीविषयी तिचे कान भरणाऱ्या विकहॅमबद्दलचा भाग पुन्हा काढून एकेक विधान ताडून पाहते आणि स्वतःच्या आंधळेपणाची तिला लाज वाटते. माझ्या हातातल्या कादंबरीत मात्र राजपुत्राच्या सैन्याने नायिकेचे गाव जाळलेले आहे, आणि चाळीस पानांत तिचा राग विरतो तो त्याच्या हिरव्या डोळ्यांमुळे आणि आवळलेल्या जबड्यामुळे. जळलेल्या गावातल्या एकाही माणसाचे नाव पुन्हा तिच्या तोंडी येत नाही. मला सर्वांत जास्त दुखले ते हेच.

प्रेमाचा त्रिकोण किंवा ऐन प्रसंगी तोडलेला शेवट या गोष्टी मी सहज सोडून दिल्या असत्या; या प्रकारात त्या चालतातच. तुम्हीही तुमचे पुस्तक पुन्हा हाती घेऊन, जिथे मन पहिल्यांदा उडाले ते पान शोधून पाहावे, कारण त्याच्या थोडे आधी पुस्तकाने दिलेला एखादा शब्द तिथे मोडलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

मी वाचलेल्या त्या कादंबरीचा पुढचा भाग आला, तेव्हा तो नियम परत आला असेल या आशेने मी तो उघडला. तिसऱ्या प्रकरणात नायिका खिडकीशी बसून केस विंचरत होती आणि आईची अंगाई गुणगुणत होती.