पाणी तपकिरी झाले, पण सामू उतरला नाही

प्रश्न : माझ्या ६० लिटरच्या टाकीत कार्डिनल टेट्रा जातीचे छोटे मासे आहेत. त्यांच्यासाठी ‘काळे पाणी’, म्हणजे पाल्यामुळे तपकिरी आणि आम्लधर्मी झालेले पाणी, तयार करावे म्हणून मी दोन आठवड्यांपूर्वी देशी बदामाची तीन वाळलेली पाने टाकली. पाणी कोऱ्या चहासारखे झाले, पण सामू (पीएच) मात्र ७.८ वरच आहे. कार्बोनेट काठिण्य ९ अंश आहे. आणखी पाने टाकावीत का?

उत्तर : पाने वाढवू नका. अडचण पानांची नसून पाण्याची आहे, आणि तिचे कारण तुम्ही स्वतःच मोजलेल्या ९ अंशांत आहे. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्लरोधक क्षमता. म्हणजे तुमच्या पाण्यात ती १६० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. पानांतून झिरपणारी टॅनिन आणि ह्युमिक आम्ले सौम्य असतात, आणि इतक्या बायकार्बोनेटपुढे, म्हणजे आम्ल रोखणाऱ्या या क्षारांपुढे, ती बहुतांशी निष्प्रभ होतात. रंग राहतो, सामू हलत नाही.

ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो हे कार्डिनल टेट्राचे एक मूळ घर आहे. तिचे पाणी केवळ कुजलेल्या पाल्यामुळे आम्लधर्मी झालेले नाही. ज्या जुन्या, झिजलेल्या खडकांवरून आणि वाळूवरून ते वाहते, त्यांत विरघळण्याजोगे क्षार फारच थोडे उरलेले आहेत, म्हणून वनातून आलेल्या आम्लांना अडवणारे काही नसते आणि सामू ४ ते ५ पर्यंत उतरतो. पाणी आधी मृदू असते, मग काळे होते. टाकीतही हाच क्रम धरावा लागतो.

त्यासाठी दर आठवड्याच्या पाणीबदलात टाकीचे १०-१५ टक्के पाणी काढून त्याजागी आरओचे (क्षार काढून टाकलेले) पाणी घालत जा आणि काठिण्य हळूहळू, सुमारे दोन-तीन महिन्यांत, २ अंशांपर्यंत आणा. पाने तोवर आहेत तेवढीच असू द्या. बाटलीतले आम्ल ओतून सामू एकदम खाली आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा, कारण शिल्लक बायकार्बोनेट तो थोड्याच काळात पुन्हा वर नेतो आणि हे चढउतार माशांना स्थिर ७.८ पेक्षा अधिक जाचतात. टाकीत पैदास झालेले कार्डिनल ७ च्या आसपासही चांगले राहतात, म्हणून ४ चा आकडा गाठण्याचा हट्ट नको.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. सामू ६ च्या खाली गेला की अमोनियाचे नायट्रेटपर्यंत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते. अशा पाण्यात साठणारा अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे सारे ठीक भासते. पण त्याच टाकीत एकदम बरेचसे अल्कधर्मी नळाचे पाणी ओतले, तर त्यातील काही वाटा विषारी अमोनियात बदलतो आणि मासे काही तासांत दगावू शकतात. म्हणून मासे मोजके ठेवा, खाद्य जपून द्या आणि पाणी थोडे थोडेच बदला.

सामू उतरला नाही तरी तुमची पाने वाया गेलेली नाहीत. त्यांच्यावर जमणारा सूक्ष्मजीवांचा थर पिलांना खायला मिळतो, आणि मंद झालेल्या प्रकाशात कार्डिनल अधिक निर्धास्तपणे फिरतात. मात्र वनस्पतींनाही प्रकाश कमी मिळतो, हे लक्षात ठेवून सावलीत तग धरणाऱ्या किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या जाती निवडा.

प्रश्न : नवीन ओंडक्यावर पांढरट, बुळबुळीत थर आला आहे. पाण्याला मात्र रंगच चढत नाही. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन आहे.

उत्तर : कार्बन टॅनिन शोषून घेतो, तो काढा, म्हणजे रंग येईल. पांढरा थर बुरशीचा आणि जिवाणूंचा आहे. तो निरुपद्रवी असून बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. लाकडाला कुजका वास येत असेल, तर मात्र ओंडका बाहेर काढावा.