वाचकांचे प्रश्न : कापसाचा एकाधिकार आणि भावाचं गणित

प्रश्न : कापसाचा भाव पडला की आमच्याकडे जुनी एकाधिकार खरेदी परत आणा, अशी मागणी होते. हमीभाव आणि एकाधिकार यात फरक काय? आणि व्यापाऱ्याने सांगितलेला भाव रास्त आहे की नाही, हे कसं ताडायचं?
– एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : हमीभावात सरकार हे एक गिऱ्हाईक असतं, एकाधिकारात ते एकटंच गिऱ्हाईक. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला, १९७२ च्या हंगामापासून खरेदी सुरू झाली. खासगी खरेदीला वाट मिळाली ती २००२ मध्ये.

हेतू वाईट नव्हता. मापात पाप करणाऱ्याला चाप हवाच होता. पण दर आधीच बांधलेला आणि राज्याची सीमा उघडी! पलीकडे भाव चढला की इथला कापूस रात्रीतून तिकडे जाई, आणि घरच्या मालाची ती ‘तस्करी’ ठरे. पलीकडे पडला की तिकडचा कापूस इथल्या केंद्रांवर. तेजीत माल नाही, मंदीत ढीग. असा धंदा बुडायला कोणी चोरीच करावी लागते असं नाही. आणि केंद्रावर प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने ती एक पायरी खाली लिहिली, तर गाडी वळवून न्यायची कुठे?

आता गणित. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर बोलतात. समजा खंडी ५५,००० रुपये. म्हणजे रुई किलोला १५४.५० आणि ३४ किलोंचे ५,२५३ रुपये. सरकी ३४ रुपये किलो धरली तर २,१७६. बेरीज ७,४२९. यातून जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून गाठी बांधणं), वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. उरेल त्याच्या बराच खाली भाव सांगत असेल, तर दुसऱ्या जिनिंगला फोन लावा.

मात्र उतारा, म्हणजे क्विंटलमागे किती रुई पडते ते, विचारल्याशिवाय सौदा करू नका. ३४ ऐवजी ३६ किलो रुई पडली तर, सरकी दोन किलो कमी धरूनही, याच दरात क्विंटलमागे सुमारे २४१ रुपये जास्त होतात, आणि सरसकट भावात ते तुमच्या हाती येत नाहीत.

हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळ) जाणार असाल तर ओलावा बघा : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर माल परत. दवात वेचलेला कापूस उन्हात पसरून वाळवा, आणि फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) पहिल्या वेच्यात मिसळू नका.