वाचकांचे प्रश्न : बांधून आलेले पुस्तक उघडत का नाही?

प्रश्न : आमच्या वाचनालयात 1910 ते 1940 या काळात छापलेली बरीच मराठी पुस्तके आहेत. अनुदानातून दर वर्षी त्यांतली काही बाइंडरकडे देतो. बांधणी दिसायला भक्कम असते. पण पुस्तक सपाट उघडत नाही आणि काही दिवसांतच पाने शिलाईच्या कडेने तुटून हातात येतात. दोष कागदाचा की कारागिराचा?
– एक ग्रंथपाल, चोपडा

उत्तर : मूळ दोष कागदाचा आहे, पण तो उघड्यावर आणते बांधणी, आणि बांधणी आपल्या हातातली गोष्ट असल्यामुळे तिच्याविषयीच अधिक लिहितो. आपण म्हणता त्या काळातला छपाईचा स्वस्त कागद बहुतांशी लाकडाच्या लगद्याचा असे आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ व तुरटी मिसळलेली असे. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते, ते तंतू तोडत जाते, आणि खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा ही झीज अधिकच वेग घेते. लांब तंतूंचा जुना हातकागद (एरंडोल एकेकाळी त्यासाठी प्रसिद्ध होते) या रोगातून बव्हंशी सुटला, म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी दस्तऐवज अजून घडी सोसतो आणि आजोबांच्या काळची कादंबरी बोट लागताच तुटते.

आता बांधणी. बहुतेक बाइंडर जुनी पाठ कटिंग यंत्रावर छाटतात आणि सुट्या पानांच्या गठ्ठ्याला कडेपासून थोडे आत टोचे मारून दोरा ओढतात. या शिलाईला वेळ कमी लागतो, आणि आपण दर पुस्तकामागे जे पैसे देतो त्यात दुसरे काही मागणे अन्यायाचेच आहे. मात्र त्यामुळे पान वळण्याची रेष घडीवरून सरकून दोऱ्यापाशी येते, आणि ठिसूळ कागद तिथे वाकत नाही, मोडतो. जुजबंदीत, म्हणजे मधोमध दुमडून एकात एक घातलेल्या पानांचा एकेक जुडगा (जुज) शिवत जाण्याच्या पद्धतीत, प्रत्येक जुजाच्या घडीतूनच सुई जात असल्याने पुस्तक सपाट पडते. घडी फाटलेली असेल तर आधी तिच्यावर टिश्यूची, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या लांब तंतूंच्या पातळ कागदाची, पट्टी चढवून मग शिवावे लागते, त्यामुळे खर्च वाढतो. तरीही दहा पुस्तके टोचून घेण्यापेक्षा तीनच जुजबंदीने करून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तक देण्यापूर्वी एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच पुढे आणि मागे दुमडून पाहावा. दोन-तीन दुमडींत तुकडा पडला, तर ते पुस्तक कोणत्याच पद्धतीने शिवण्याच्या स्थितीत राहिलेले नाही. त्याला आम्लविरहित पुठ्ठ्याची, चारही बाजूंच्या पाळ्या आत दुमडून मिटणारी पेटी करून नाडीने बांधून ठेवावे आणि वाचकाला स्कॅन केलेली प्रत द्यावी. जी पुस्तके बांधायला जातील, त्यांच्याबरोबर बाइंडरला लेखी सूचना द्यावी की कडा छाटू नयेत, कारण समासातली टिपणे आणि जुने शिक्के त्यातच जातात, आणि मूळ मुखपृष्ठ आत जपून बसवावे. पुठ्ठाही पाहून घ्यावा : तो दोन्ही दिशांनी हलका वाकवला असता ज्या रेषेवर सहज वाकतो, ती रेष पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी, नाहीतर पावसाळ्यात हवा दमट झाली की पुठ्ठा पळीसारखा वळतो.

प्रश्न : फाटलेली पाने जोडायला मैद्याच्या खळीत मोरचूद घालावा, असे आमचे जुने बाइंडर सांगतात. बाजारातला पांढरा गोंद अधिक चांगला का?
– एक वाचक, यावल

उत्तर : दोन्ही नकोत. कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची चाल जुनी आहे, पण मोरचुदातले तांबे कागदाची झीज वाढवते. पांढरा गोंद एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद होते. जुन्या ग्रंथांच्या जतनाच्या कामात गव्हाच्या पिष्टाची खळ वापरतात, आणि कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढणाऱ्या खानदेशातल्या घरांना ती परकी वाटू नये. फरक इतकाच की खाली बसलेला चीक आंबट वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा, कारण तो आंबटपणा म्हणजे आम्लच, आणि त्यात मीठ अजिबात घालू नये. वाळवलेल्या चिकाच्या एका भागाला चार ते पाच भाग पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळावे. दुधासारखा पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी पारदर्शक दिसू लागली की उतरवावी, निवल्यावर बारीक कापडातून गाळावी आणि ताकाइतकी पातळ करून वापरावी. ती दोन-तीन दिवसांत नासते, म्हणून थोडीच करावी. टिश्यूची पट्टी कात्रीने न कापता ओल्या कुंचल्याने रेष ओढून हाताने फाडावी. कडेचे सुटलेले तंतू पानात मिसळून जातात आणि जोडाची धार पानाला कापत नाही. आधी कोपऱ्यात थेंबभर पाणी लावून शाई फुटत नाही ना, हे पाहावे.

प्रश्न : घरातल्या हस्तलिखित पोथ्या लॅमिनेट करून घ्याव्यात का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : मुळीच नाही. उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक पोथीला इजा न करता परत काढता येत नाही. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात, दोन फळ्यांमध्ये घट्ट बांधून, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात त्या ठेवाव्यात. वेखंडाची पुरचुंडी कपाटात चालेल, पानांना लागू देऊ नये. ऊन दाखवण्याची पद्धत सोडून द्यावी, पावसाळ्यानंतर सावलीत एकेक पान उलटून पाहावे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात अशा हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. पोथीला हात लावण्यापूर्वी तिथे जाऊन त्या कशा ठेवल्या आहेत, ते पाहून यावे.