रजेवर होता, मग दौरा कसला?

गोंदिया जिल्ह्यातील एक ग्रामपंचायत अधिकारी लिहितात : 2019 मध्ये संघटनेच्या अधिवेशनासाठी ते कोल्हापूरला गेले. जीपभाडे व भोजनखर्च मिळून 14,600 रुपये मासिक सभेच्या ठरावानुसार ग्रामनिधीतून खर्ची पडले. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला आणि आता गटविकास अधिकाऱ्यांचे वसुलीचे पत्र आले आहे. निवृत्तीला आठ महिने उरले असताना अशी वसुली करता येते का, हा त्यांचा प्रश्न आहे.

याच स्वरूपाची पत्रे वरचेवर येत असल्याने संघटनेचे काम आणि शासकीय काम यांतील फरक समजावण्यात मी जागा घालवत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल तुम्हीच जोडलेल्या रजेच्या आदेशात आहे. अधिवेशनाच्या दिवसांसाठी तुम्ही विशेष नैमित्तिक रजा मागितली, ती मंजूर झाली आणि आदेशाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘सदर कालावधीसाठी प्रवासभत्ता व दैनिक भत्ता अनुज्ञेय राहणार नाही’ असे वाक्य आहे. त्याच तारखांचे प्रमाणक (व्हाउचर) रोकडवहीत मात्र ‘प्रशिक्षण दौरा’ या नावाने लागले आहे. रजेवर असलेला कर्मचारी त्याच दिवशी दौऱ्यावर असू शकत नाही, आणि ज्या खर्चाला तुमच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याने लेखी नकार दिला तो ग्रामपंचायतीच्या ठरावाने वैध होत नाही. विभागाने त्या दिवसांसाठी प्रशिक्षणास पाठवल्याचा स्वतंत्र आदेश तुमच्याकडे असता तर मी वेगळे लिहिले असते. पण तसा कागद तुम्ही पाठवलेला नाही आणि तो असेल असे मला वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालावर तुमची भिस्त आहे तो, म्हणजे पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा 18 डिसेंबर 2014 चा निकाल, वरवर पाहता तुमच्यासाठीच दिल्यासारखा दिसतो. वर्ग 3 व 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान अशा प्रसंगी वसुली करू नये, असे त्यात म्हटले आहे. परंतु तो निकाल मालकाने चुकून जास्त दिलेल्या आणि कर्मचाऱ्याने कोणतीही लबाडी न करता घेतलेल्या रकमेबद्दल आहे. येथे धनादेशावर सरपंचांबरोबर सही तुमची, प्रमाणक तुमच्या हातचे आणि खर्चाला नावही तुम्हीच दिलेले. हा निकाल पुढे केलात तर समोरचा वकील रजेचा आदेश आणि प्रमाणक शेजारी शेजारी ठेवेल, त्यापलीकडे त्याला काही करावे लागणार नाही.

त्याहून अवघड बाब तुम्ही ओघात लिहून गेला आहात. शेजारच्या तीन गावांचे सहकारी त्याच जीपने आले होते आणि प्रत्येकाने आपापल्या पंचायतीत पूर्ण भाडे खर्ची टाकले. चारही दप्तरे एकत्र तपासली गेली तर प्रश्न अनियमिततेचा राहणार नाही. लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताचे, त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 409 चे, बोलणे सुरू होऊ शकते. तसे होईलच असे मी म्हणत नाही, परंतु 14,600 रुपयांसाठी ही जोखीम घेण्याचे कारण मला दिसत नाही.

लेखापरीक्षण अहवालात ही रक्कम प्रथम केवळ आक्षेपाधीन, म्हणजे खुलासा मागितलेली, होती. तेव्हा अनुपालन, म्हणजे आक्षेपाचे लेखी उत्तर, सादर करून पैसे भरले असते तर अहवालातला हा आक्षेपाचा परिच्छेद कदाचित तेथेच वगळला गेला असता. तुम्ही दोन स्मरणपत्रे फाइलला लावून स्वस्थ बसलात आणि रक्कम वसूलपात्र झाली. ग्रामपंचायतीचे दप्तर सांभाळण्यात ज्याची नोकरी गेली त्याने हे करावे, याचे मला नवल वाटते.

आता संपूर्ण रक्कम ग्रामनिधीत भरा, सामान्य पावती घ्या आणि तिची प्रत अनुपालनासोबत गटविकास अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. सरपंचांचा हिस्सा किती, यावर वाद घालता येईल, पण तो पैसे भरल्यानंतर. व्याज किंवा दंड लावला गेला, अथवा खुलासा न मागवता वेतनातून कपात सुरू झाली, तर मात्र जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, 1964 चा आधार घेऊन हरकत नोंदवा. आर्थिक नुकसानीची वेतनातून वसुली ही त्या नियमांत शिक्षा आहे आणि म्हणणे ऐकल्याशिवाय ती देता येत नाही. कोणीतरी सुचवलेल्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाऊ नका, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणे तेथे चालत नाहीत. तुमच्यासाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे, आणि तेथे याचिका सुनावणीला येईपर्यंत तुम्ही निवृत्त होऊन उपदानाची (ग्रॅच्युइटीची) वाट पाहत बसलेले असाल. ना देय, म्हणजे काही देणे बाकी नसल्याच्या, प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यापूर्वी हा आक्षेपाचा परिच्छेद वगळल्याचे लेखी पत्र हातात असले पाहिजे, आणि ते मिळवायला पंचायत समितीत किती महिने लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.